पडला तर आपल्याच आवारात पडावा

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, पालिकेतले साहेबलोक, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या शेजारणींनो, सगळ्यांना नमस्कार.

आज मोजणीसाहेब निवृत्त होताहेत. निरोपाला चांगलंच बोलायचं असतं, ते मी बोलेनच. पण परवा साहेब माझ्या घरी आले, चहा पार निवू दिला आणि म्हणाले, "काकू, सभेत एवढंच सांगा, की माझी चूक नव्हती." आता माणूस जाताना काही मागतो, तर त्याला उत्तर नको का द्यायला?

आमच्या ह्यांना रेडिओवरून बोलायचं वेड. दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी तासन्‌तास गप्पा, आणि घरात मात्र "हं". मी म्हणायचे, माझ्याशी बोलायलाही एखादा टॉवर उभारा! तो टॉवर होता साठ फुटांचा, परसाच्या टोकाला, कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे ओसाड माळ.

एक दिवस साहेब टेप घेऊन आले. म्हणाले, "काका, नियम आहे. टॉवर जेवढा उंच, तेवढा कुंपणापासून लांब हवा. पडला तर आपल्याच आवारात पडावा."

हे म्हणाले, "अहो, पलीकडे नुसतं गवत आहे. कोणाच्या डोक्यावर पडणार?"

"गवत दुसऱ्याच्या मालकीचं आहे, काका."

मी म्हटलं, "मग गवताच्या मालकाला जेवायलाच बोलावते!" साहेब हसले. मोठा सज्जन माणूस, त्यांनी एका पैशाचाही चहा घेतला नाही. पण नियम तो नियम. ह्यांनी टॉवर कापून तीस फुटांचा केला आणि अंगणाच्या मधोमध आणला, रेडिओच्या खोलीशेजारी. साहेबांनी चारी बाजूंनी कुंपणापर्यंत टेप धरली, समाधानाने मान हलवली.

त्या पावसाळ्यात वादळ आलं. फोन बंद पडले, तसे हे रेडिओच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसले, कोणी मदत मागतंय का ऐकायला. मी म्हटलं, "उठा आता." हे म्हणाले, "हं." मी स्वयंपाकघरात दिवा लावायला वळले आणि टॉवर छपराच्या पत्र्यासकट ह्यांच्यावर आला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पंचनाम्यासाठी त्यांनी पुन्हा टेप धरली. टॉवरचं टोक कुंपणाच्या बरंच आत होतं. पलीकडचं गवत जसंच्या तसं उभं. नियम अगदी तंतोतंत पाळला गेला होता, मंडळी.

तर साहेब, ऐका. तुमच्या मापात चूक नव्हती, हे मी भर सभेत सांगते. पण टेपचं एक टोक टॉवरला धरून तुम्ही चारी दिशांना फिरलात, आणि मध्ये आमचं घर उभं होतं, ते तुम्हाला दिसलं नाही का हो?

माझी नात परसात पुन्हा टॉवर उभारतेय. आजोबांचं यंत्र तिने दुरुस्त केलंय. उद्यापासून तुम्ही मोकळे आहात, तर टेप घेऊन या. आधी तिच्या खोलीच्या भिंतीपासून मोजा, मग कुंपणाकडे जा. चहा पुन्हा करीन. या वेळी गरम असताना प्या. माफीचं तिथे बसून बघू.

मला बोलायला उभं केलंत, तुमचे सर्वांचे आभार. म्हातारीच्या तोंडून कमीजास्त गेलं असेल, तर पोटात घाला, आणि आजच घाला. निवृत्तीपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नाही.