चुन्याचा पत्रा

आमच्या दादांचा, म्हंजी वडलांचा, नेम शेवटपर्यंत चुकला न्हाई असं गावात अजून म्हणत्यात. खरं काय ते सांगतो, पण चहा निवू देऊ नका.

निजामाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक गावात त्यांचीच. रानडुकरं पिकात शिरली की त्यांनाच बोलावणं यायचं. छर्रे किती फाकतात ते बघायला त्यांनी पाटोद्याच्या लोहाराकडून गुळाच्या फुटक्या काहिलीचा पत्रा ठोकून सपाट करून घेतलता. माय त्याच्यावर चुना फासायची. बार काढला की छऱ्यांचे काळे ठिपके दिसायचे, परत चुना फासला की पत्रा नवा.

पुढं दादांची नजर मंद झाली. बार झाला की माय लगबगीनं पुढं जायची आन् ओल्या चुन्यात बोटानं मधोमध ठिपके काढायची. दादा सावकाश पोचायचे, पत्र्याला नाक लावून बघायचे आन् खूश व्हायचे.

मी मायला म्हणलं, "एखाद्या दिवशी डुकराच्या जागी माणूस मरंल."

ती म्हणली, "बंदूक काढून घेतली तर हे मरतील."

एका सकाळी बार झाला. मायनं पत्र्यापासून हाक दिली, "समदे मधोमध बसले, या बघायला."

दादांनी खिशातून छऱ्यांची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आज छर्रे घातलेच न्हाईत," म्हणले. "बंदूक टांगून ठेव आता. मायला बोलू नको. मी जरा बघून येतो, लई निगुतीनं काढती ती."