न पाहिलेल्याची चांदणी

दाढ सुजल्यामुळे शिंप्याचं तोंड बंद होतं, कान मात्र उघडे होते. दातांच्या दवाखान्यात त्याच्या शेजारी एक आई आणि तिची प्राध्यापक लेक बसली होती.

"दिवसभर त्या कागदांत काय शोधतेस गं?"

"शब्दांच्या शेपट्या, आई. 'आहे'ला संस्कृतात अस्ति, ग्रीकमध्ये एस्ति, लॅटिनमध्ये एस्त. म्हणजे या तिन्ही भाषांची जी आई, तिच्यातही शेवटी 'ति' असणार."

"त्या आईला कुणी ऐकलंय?"

"कुणीच नाही. लिहिलेलंही काही सापडत नाही. म्हणून अशा शब्दाआधी आम्ही खूण म्हणून चांदणी काढतो. पाहिलेला नाही, पण खुणांवरून ताडलाय."

"मग मीही एक ताडलंय. तुझ्याकडे साखरेचा डबा हल्ली सगळ्यात वरच्या फळीवर असतो. तुझा हात तिथे पोचत नाही."

"आई, हळू."

"कात्री आणलीयस ती डावखुऱ्याची. सोफाभर मांजराचे केस, आणि तू तर मांजर दिसलं की खुर्चीवर चढतेस."

"एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही."

"म्हणून तर चांदणी काढून गप्प बसलेय!"

शिंप्याला हसू फुटलं आणि दाढेतून कळ गेली. तेवढ्यात दारातून मान वाकवून एक जण आत आला. त्याच्या काळ्या पँटवरचे पांढरे केस शिंप्याच्या नजरेतून सुटले नाहीत. डाव्या हातातलं पाकीट त्याने लेकीपुढे धरलं.

"अगं, तुझा एक्स-रे घरीच राहिला."

आईने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या, बसा. पुसली हो तुमची चांदणी."