अंथरूण आवरणारं भूत

आमच्या सुधीरसमोर सिनेमाचा विषय काढू नका, चहा टाकून उठून जाईल.

ओमानमधल्या सलालाहला आम्ही मित्रांनी मोबाइलवर एक भुताचा सिनेमा काढला होता. नारळाच्या बागेतलं पडीक घर आणि टाल्कम पावडरचे दोन डबे, एवढाच काय तो खर्च. दिग्दर्शक सुधीर, हिरो मी. भूत झाला मालवणचा बाळू, तो इथे हॉटेलात खोल्या आवरतो, गाद्यांवर चादरी घालतो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवला. लोक काय म्हणतील, या काळजीने सुधीरला जेवण जात नव्हतं.

शेवटचा प्रसंग आला. खाटेवरचं प्रेत हळूहळू उठतंय, मी थरथरतोय, हॉल चिडीचूप. बाळू उठला आणि माझा गळा धरण्याआधी मागे वळून त्याने चादर झटकली, कोपरे गादीखाली खोचले, उशी थोपटली. हाताची सवय! शूटिंगच्या वेळी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. हॉल हसून लोळला.

सुधीरचं तोंड एवढंसं झालं. त्याने बायकोला विचारलं, "खरं सांग, थोडी तरी भीती वाटली?"

वहिनी म्हणाल्या, "भीती कसली? मेलेला माणूस उठल्याउठल्या अंथरूण आवरतो, आणि आमच्याकडचा जिवंत रोज पांघरूण जमिनीवर टाकून ड्यूटीला जातो!"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या नवऱ्याकडे वळून बघितलं.

तेव्हा मात्र हॉलमधले सगळे पुरुष घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बाळूला फोन केला, "बाबा रे, ते कोपरे नेमके कसे खोचायचे?"

तो म्हणाला, "थांब, आधी सुधीरला सांगतोय."