बुयानची लाळ

१९४९ साल. लेनिनग्राडला दुधाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. क्लावा प्रयोगशाळेत घंटा वाजली की बुयान आणि इतर कुत्र्यांना भरवायची; लिदा तिची मैत्रीण.

“घंटेआधीच बुयानला लाळ सुटते, म्हणून मला काढताहेत!”

“तुझा काय गं दोष?”

“माझी पावलं ऐकून सुटते म्हणे. प्रयोग नासला!”

“मग काय उडत जायचं?”

“लढाई संपल्यापासून मी भरवतेय. माझी पावलं नाही ओळखणार, तर डॉक्टरची ओळखेल?”

“तोंडावर सांगायचंस!”

“सांगितलं. वहीत उतरवून घेतलं मेल्याने!”

लिदाने क्लावाला धोबीखान्यात आपल्याशेजारी लावून घेतलं. वहीतल्या पावलांच्या त्या नोंदीवर डॉक्टरला वरची पदवी मिळाली. बुयान मात्र घंटा वाजली तरी दाराकडेच बघत राहिला, असं क्लावा पुढे प्रत्येक रांगेत सांगायची.