चहाला उठलं की लॉगिन बाहेर

काय गो, तुमच्या लेकीने तुम्हाला कधी बाहेर काढलंय? मला रोज काढत होती! मिरजोळ्याच्या काजू कारखान्यात मी कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरते. ते वेबॲप माझ्या मानसीने जावामध्ये लिहिलेलं, तिचं पहिलंच काम. पण ऑर्डर अर्धी टाकून चहाला उठले की परत येईस्तोवर लॉगिनही गेलेलं आणि ऑर्डरही. तिला वाईट वाटेल म्हणून मी गप्प पुन्हा भरायची. शेवटी मालकच म्हणाले, "काकी, उद्या असं झालं तर हे बंद. लेकीला सांगा."

मानसी म्हणाली, "आई, मी तपासलं तेव्हा नीट चालत होतं."

"तपासताना मध्ये चहाला उठली होतीस?"

ती लॅपटॉप उघडून बसली आणि थोड्या वेळाने कपाळावर हात मारला. लॉगिनचं टोकन, म्हणजे ओळखीची खूण, थोडा वेळच चालतं. ते संपलं की ॲपने जास्त टिकणारं दुसरं, रिफ्रेश टोकन दाखवून आपोआप नवं आणायचं. "पण नवं द्यायच्या आधीसुद्धा जुनं टोकन चालूच असायला हवं, अशी अट मी घातली होती गं!"

"म्हणजे पास संपला म्हणून गेटवर अडवायचं, आणि नवा पास मिळतो गेटच्या आत?"

"तसंच."

"आणि वॉचमन तूच!"

हसत हसत तिने ती अट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्डर अर्धी टाकून चहा पिऊन आले, मालकांच्या देखत उरलेली ऑर्डर पुरी केली, आणि ते "चालू दे" म्हणून निघून गेले.