नवी डिस्क, जुनी डबी

...आणि वर मलाच विचारतात, "दादा, एवढे का तापलात?" अहो, मी कुठे तापलो, तापली ती हार्ड डिस्क! तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात प्रत्येक बातमीदाराची डिस्क वेगळी, पत्र्याच्या डबीत बसवलेली. डबी कॉम्प्युटरच्या खणात सरकवायची, काम झालं की किल्ली फिरवून ओढायची आणि थेट बॅगेत... एकाची बातमी दुसऱ्याने ढापायला नको! काय तो एकमेकांवरचा विश्वास! तर माझी डबी जुनी, डिस्कही जुनी, दोघींचा संसार सुखाचा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गुलछबूला, ज्याच्या पहिल्या बातमीतली निम्मी वाक्यं मी सरळ केली त्याला, नवी डिस्क! दुप्पट वेगाची! नवी डबीसुद्धा! त्याची फाइल चुटकीसरशी उघडते, आणि माझी उघडेपर्यंत चहावर साय धरते. हेवा? छे हो! मी फक्त रोज संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो.

मिळाली! पण नुसती डिस्क. दुरुस्तीवाला म्हणतो, "डबी मागवावी लागेल, दादा." म्हटलं, "ती येईपर्यंत मी रिटायर होईन! जुन्या डबीत बसते का सांग." "बसते की! चारही भोकं जुळतात!" आता तुम्हीच सांगा, भोकं जुळली म्हणून सूत जुळतं का?

बसवली. वेग? तोच! आत डिस्क घोड्यासारखी धावतेय, पण डबीची वायर जुनी, दारात बैलगाडी उभी! वेग जुना, ताप तेवढा नवा. गुलछबू विचारतो, "कशी आहे दादा, मस्त ना?" म्हटलं, "वाऱ्यासारखी!" हेवा नव्हता हो, पण नाक नको का राखायला?

आणि नेमकी त्याच दिवशी माझी बातमी! नव्या पुलाच्या खांबाला तडा, कागद माझ्याकडे, पहिल्या पानाचा संपादकांनी शब्द दिलेला... किती दिवसांनी! लिहीत आणलं, शेवटचा परिच्छेद राहिला, आणि पडदा काळाठिक्कर! दुरुस्तीवाल्याने डबी ओढली ती "आई गं!" करूनच, बोटं तोंडात. "दादा, या डबीतला पंखा का फिरत नाही?" फिरेल कसा? जाळीत मीच कधीकाळी प्रेसनोटची घडी कोंबलेली! पंखा घरघरायचा, आणि आमचे खबरे फोनवर कुजबुजतात, मग ऐकू नको का यायला? जुनी डिस्क थंड डोक्याची, बिचारीने कधी तक्रार केली नाही!

"गार झाली की त्यांच्या डबीत लावून बघू," तो म्हणाला. तुम्हाला सांगतो, त्या गुलछबूच्या टेबलावर माझी डिस्क ठेवताना... जाऊ दे. लावली, चालली, बातमी बचावली! लगेच गुलछबू, "दादा, तुम्ही घाम पुसा, शेवटासाठी पुलाच्या इंजिनिअरला मी विचारतो." ज्या माणसाने आठवडाभर माझा फोन उचलला नाही, तो याच्याशी भडाभडा बोलला! तडा कबूल! संपादक बाहेर आले, त्याची पाठ थोपटली, माझ्याकडे बघून म्हणाले, "शिका जरा!" हेवा? छे... म्हणजे... हो!

सकाळी पहिलं पान. पुलाचा हा एवढा फोटो, त्यावर ठळक अक्षरांत गुलछबूचं नाव, आणि बातमी संपल्यावर, अगदी तळाला, मुंगीच्या पावलाएवढं, "सहकार्य" म्हणून मी. बायकोने चष्मा लावून शोधलं आणि हरखली. "अहो, आलं की पहिल्या पानावर!" म्हटलं, "हो ना. दाखवून ये शेजारी... चष्मा घेऊन जा मात्र."