तिसाचा फ्यूज

हळू बोला उस्ता, पोर झोपलंय — आणि दहा अँपिअरचा नको म्हटलं ना! दहाचा फ्यूज एसी लावला की उडतो, टप्प, नि लगेच वरून शैमाचं हसू ऐकू येतं. शैमा, माझी जाऊ. तिचा एसी तुम्हीच बसवलात — तिचा उडतो का कधी? नाही उडत. तिला पंचविसाचा दिलात, मग मला तिसाचा द्या. काय? वायर? हो, माझी बारीकच असणार, तिच्यासाठी दिरांनी भिंत फोडून जाड वायर ओढली, आमच्या ह्यांना खिळा ठोका म्हटलं तरी ताप भरतो! फ्यूज एसी बघून नाही, वायर बघून घालायचा, नाहीतर तो उडत नाही नि वायरच तापते — बरं, असेल. चहा घ्या, गार होतोय — बसऱ्यात काही गार होतं का म्हणा.

हे? ही तांब्याची तार मीच गुंडाळलीय सकाळी, फ्यूजच्या जागी. असे बघू नका, तेव्हापासून एकदाही उडालं नाही.

मला नकोच हो गारवा, मी याच उन्हात वाढले. सज्जादसाठी हवाय. शैमाचा मुलगा — पण गेल्या उन्हाळ्यात माझ्याच मांडीवर झोपायचा, मी वारा घालायचे, पाय बधीर व्हायचा, तरी हलायचे नाही. तिचा एसी आला नि हा गेला वर. आता सगळी गल्ली तिला उम्म सज्जाद म्हणते, सज्जादची आई — आणि मी? मी अजून नुसती इंतिसार. म्हणून माहेरचं कडं मोडलं नि हा एसी घेतला. आणि बघा — आज आपणहून आला, जिन्यावरून बसत बसत, ती हाका मारतेय तरी वळून पाहिलं नाही, आणि झोपला इथं भिंतीशी. दार मुद्दाम उघडं ठेवलंय मी — दिसू दे तिला.

भिंतीला काय हात लावताय? उन्हानं तापली असेल — नाही, खरंच, इकडे ऊन येतच नाही. मग? वायर आतून जाते? कुठून — उशीच्या मागून?

बंद करा. आधी बंद करा ते! अगं शैमा — उम्म सज्जाद! ये खाली, घेऊन जा याला, इथं उकडतंय. — आणि उस्ता, दहाचाच घाला नि निघा. तिला काही बोलू नका. चहा राहू दे, मी ओतून टाकते.